मोत्याचे पाणी आणि मोत्याचे मोल

गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर हे औद्योगिक नगर प्रामुख्याने मोटार उद्योगासाठी ओळखले जाते. येथील कारखान्यांत तयार होणारा प्रत्येक सुटा भाग ठरलेल्या मापाचा आहे की नाही, हे मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशापर्यंत तपासले जाते. वाहनांची व त्यांच्या सुट्या भागांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारे ‘आयकॅट’ हे केंद्रही मानेसरलाच आहे. विकणारा आणि घेणारा परस्परांना ओळखत नसले, तरी माप व प्रमाणपत्र यांच्या आधारे त्यांच्यातील व्यवहार निर्धोकपणे पार पडतो.

याच जिल्ह्यातील काही गावांत गेल्या दशकात एक वेगळा प्रयोग सुरू झाला. छोट्या तळ्यांत शिंपले सोडून गोड्या पाण्यातील मोत्यांची पैदास करण्याचा हा प्रयोग होय. वर्ष-दीड वर्षाने शिंपला उघडला की मोती हाती येतो. परंतु त्याचे मोल किती, हे सांगणारे माप उत्पादकाजवळ नसते. तो मोती चांगला की मध्यम, हे खरेदीदार सांगतो आणि भावही तोच ठरवतो. कारखान्यातील सुट्या भागाला जे संरक्षण मिळते, ते तळ्यातील मोत्याला मिळत नाही.

मोत्याची पारख कशी होते, त्याचा भाव कोणत्या नियमाने ठरतो आणि ही पारख कोणाच्या हाती असते, हे प्रश्न म्हणूनच केवळ जवाहिऱ्यांचे नाहीत. ग्रामीण उत्पन्न, ग्राहकसंरक्षण आणि बाजारव्यवस्था या तिन्हींशी त्यांचा संबंध आहे.

मोती कसा तयार होतो?

हिरा, माणिक किंवा पाचू ही खनिज रत्ने होत. मोती मात्र सजीवाच्या शरीरात घडतो. शिंपल्यातील प्राण्याच्या मांसल आवरणाला इजा झाली किंवा एखादा परजीवी आत शिरला, की त्या आवरणातील पेशींची एक पिशवी बनते आणि तिच्यात शिंपल्याच्या आतील अस्तरासारखेच द्रव्य थरांवर थर साचू लागते. या द्रव्यास मुक्तास्तर किंवा नेकर म्हणतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरागोनाइट या रूपातील अतिशय पातळ चकत्या आणि त्यांना जोडणारी सेंद्रिय द्रव्ये यांचा तो बनलेला असतो. प्रकाश या थरांवरून परावर्तित होतो, काही अंशी आत शिरून परत येतो. त्यातून जी झळाळी निर्माण होते, तिलाच मराठीत मोत्याचे ‘पाणी’ म्हणतात. ‘पाणीदार मोती’ आणि ‘मोत्याचे पाणी उतरणे’ हे शब्दप्रयोग याच गुणावरून आले आहेत.

बाजारात मोती म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे तीन वर्ग पडतात. माणसाच्या हस्तक्षेपाविना घडलेला तो नैसर्गिक मोती. शस्त्रक्रियेने शिंपल्यात मणी, साचा किंवा दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा तुकडा बसवून, पुढील थर शिंपल्याकडूनच चढवून घेतलेला तो संवर्धित मोती. काच, प्लास्टिक वा शिंपल्याच्या मण्यावर चकाकणारा लेप देऊन बनवलेला तो कृत्रिम मोती. यांतील पहिले दोन्ही खरे मोती आहेत, कारण दोहोंवरील मुक्तास्तर शिंपल्यानेच तयार केलेला असतो. मात्र त्यांच्या दुर्मीळतेत, आणि म्हणून किमतीतही, प्रचंड अंतर असते.

पारखीची जुनी परंपरा

मोत्यांची पारख हा भारतात राज्यकारभाराचा विषय होता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील दुसऱ्या अधिकरणात कोशात जमा करावयाच्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे व तिचा आरंभ मोत्यांपासून होतो. मोती कोणत्या प्रदेशातून येतात हे सांगून झाल्यावर तेथे गुणदोषांची यादी येते. मोठा, गोल, बैठक नसलेला, तेजस्वी, शुभ्र, जड, गुळगुळीत आणि योग्य ठिकाणी विंधलेला मोती उत्तम मानला आहे. मसुरीसारखा चपटा, अर्धचंद्राकृती, खरबरीत किंवा चुकीच्या जागी छिद्र पडलेला मोती सदोष ठरवला आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही मोत्यांवर स्वतंत्र अध्याय असून त्यात वजनानुसार किमती दिल्या आहेत. वजन जितक्या पटीने वाढते, त्याहून अधिक पटीने किंमत वाढते, ही गोष्ट त्या किमतींवरूनही लक्षात येते.

आजचे सात निकष

अमेरिकेतील ‘जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ या संस्थेने मोत्यांचे मूल्य ठरवण्यासाठी सात घटक सांगितले आहेत. आकारमान, आकार, रंग, झळाळी, पृष्ठभाग, मुक्तास्तराचा दर्जा आणि जुळणी हे ते घटक होत. कौटिल्याची यादी शेजारी ठेवली, तर बरेचसे निकष तेच असल्याचे दिसून येते.

यांपैकी झळाळी, म्हणजे पाणी, हा निकष सर्वांत महत्त्वाचा समजला जातो. चांगल्या मोत्याच्या पृष्ठभागावर दिव्याचे किंवा खिडकीचे प्रतिबिंब स्पष्ट, धारदार कडांचे दिसते. मध्यम मोत्यात ते पुसट होते आणि हलक्या मोत्यात केवळ पांढुरका डाग दिसतो. मोती पाहताना तो मऊ पांढऱ्या कापडावर, दिवसाच्या प्रकाशात, फिरवून पाहावा असा जो प्रघात आहे, त्याचे कारण हेच. प्रखर दिव्याखाली मध्यम मोतीही चांगला भासू शकतो.

मुक्तास्तराची जाडी ही झळाळीची आणि टिकाऊपणाची हमी असते. मणी घालून वाढवलेल्या मोत्यात बराचसा भाग मण्याचाच असतो. शिंपला लवकर उघडला तर वरचा थर पातळ राहतो, आतील मणी डोळ्यांना जाणवू लागतो आणि काही वर्षांच्या वापरानंतर थराला तडे जातात किंवा तो सोलवटतो. या धोक्यामुळेच फ्रेंच पॉलिनेशियाने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या काळ्या मोत्यांच्या निर्यातीसाठी ०.८ मिलिमीटर किमान जाडीची अट घातली होती. चीनमधील गोड्या पाण्यातील बहुसंख्य मोती मणी न घालता, केवळ आवरणाचा तुकडा बसवून वाढवले जातात. त्यांत जवळजवळ संपूर्ण मोती मुक्तास्तराचा असतो. परंतु ते पूर्ण गोल निघण्याचे प्रमाण कमी असते.

आकारात निर्दोष गोल मोती सर्वाधिक मोलाचा समजतात. त्यानंतर थेंबाचा व बटणाचा आकार आणि शेवटी वेडावाकडा, म्हणजे ‘बरोक’, आकार येतो. रंगाच्या बाबतीत मूळ रंग, त्यावर तरळणारी गुलाबी वा हिरवी छटा आणि इंद्रधनुषी चमक अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात. रंगाची पसंती देशपरत्वे बदलते. पण रंग नैसर्गिक आहे की दिलेला, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. पृष्ठभागावरील खड्डे, ओरखडे व वळ्या मोल कमी करतात. तथापि असा डाग छिद्राच्या जागी येत असेल तर कसबी कारागीर नेमके तेथेच विंधून तो नाहीसा करतो.

जुळणी हा निकष सरासाठी लागू होतो. सारख्या आकाराचे, रंगाचे आणि पाण्याचे साठ-सत्तर मोती जमवण्यासाठी हजारो मोती निवडावे लागतात. त्यामुळे जुळलेल्या सराची किंमत त्यातील सुट्या मोत्यांच्या किमतींच्या बेरजेहून अधिक असते. मूल्यवृद्धी ही केवळ उत्पादनात नसते, निवड आणि वर्गवारी यांतही असते, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

‘चव’ : मुंबईच्या बाजाराचे गणित

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबई ही जगातील मोत्यांची मोठी पेठ होती. बहारीन, कुवेत आदी आखाती बंदरांतून उन्हाळी हंगामात काढलेले मोती गलबतांनी मुंबईस येत. ‘बसरा मोती’ या नावाने ते ओळखले जात. आखाती प्रदेशात त्या काळी भारतीय रुपयाच चलनात असल्याने हा व्यापार सुलभ होई. मुंबईत मोती निवडले जात, विंधले जात, जुळवून ओवले जात आणि तेथून पॅरिस, लंडन व न्यूयॉर्ककडे रवाना होत.

या पेठेत किंमत ठरवण्यासाठी ‘चव’ नावाचे एकक वापरले जाई. हा शब्द येथे जिभेच्या चवीचा नव्हे; तो मोत्याचे वजन आणि नगसंख्या यांतून काढलेला एक आकडा आहे. एका चवेचे १०० दोकडे होत. चव काढण्याची रीत अशी : सारख्या आकाराच्या मोत्यांचे एकूण वजन टांकांत घ्यावे, त्याचा वर्ग करावा, त्यास ३३० ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस मोत्यांच्या नगसंख्येने भागावे. एक टांक म्हणजे २४ रती. एकाच मोत्याची चव काढायची असल्यास रतीच्या वर्गास ५५ ने गुणून ९६ ने भागले तरी तेच उत्तर येते.

एका उदाहरणावरून यातील तत्त्व स्पष्ट होईल. २४ रती वजनाचा एकच मोती असेल, तर त्याची चव ३३० भरते. तेवढ्याच एकूण वजनाचे दोन समान मोती असतील, तर दोघांची मिळून चव १६५ होते. चार असतील तर ८२.५ आणि एकेक रतीचे चोवीस असतील तर अवघी १३.७५. वजनकाट्यावर चारही पुड्या सारख्याच भरतील; मोलात मात्र पहिली शेवटचीच्या चोवीसपट ठरेल. सोन्याचे मोल वजनाच्या सम प्रमाणात वाढते, तर मोत्याचे मोल वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

गोल मोत्याचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे किंमत वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल, तर ती व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते. व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढला, तर या नियमानुसार किंमत सुमारे ७७ टक्क्यांनी वाढते. याचे आर्थिक कारण दुर्मीळता हे होय. मोठा आणि तरीही निर्दोष मोती घडण्यास अधिक वर्षे लागतात, त्या काळात शिंपला मरण्याचा किंवा मोत्यात दोष येण्याचा संभव वाढतो. परिणामी आकार वाढेल तशी उपलब्धता वेगाने घटते. युरोपातील व्यापारीही नैसर्गिक मोत्यांसाठी ग्रेनमधील वजनाचा वर्ग करून त्यास ठरावीक दराने गुणत. येथे एक ग्रेन म्हणजे ५० मिलिग्रॅम, अर्थात पाव कॅरट.

चवेच्या पद्धतीचे खरे महत्त्व पुढेच आहे. चव काढल्याने किंमत ठरत नाही. किंमत म्हणजे चव गुणिले चवेचा दर. हा दर पाणी, आकार, रंग आणि निर्दोषपणा पाहून ठरे. समजा, १२ रतीचे दोन मोती आहेत. दोहोंची चव ८२.५ येते. त्यांपैकी पाणीदार मोत्यास चवेमागे १०० रुपये दर मिळाला, तर त्याचे ८,२५० रुपये होतील; मंद मोत्यास २० रुपयेच मिळाले, तर १,६५० रुपये होतील. म्हणजे मोजता येण्याजोगा भाग आणि नजरेने ठरवण्याचा भाग या पद्धतीने वेगळे केले होते. वजनाबद्दल वाद राहत नसे. घासाघीस व्हायची ती केवळ दराबद्दल. छापील कोष्टके हाताशी असल्याने चवेचा आकडा दोन्ही पक्षांना पडताळून पाहता येई.

संवर्धित मोत्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. त्यांत मण्याचा आकार माणसाने निवडलेला असल्यामुळे वजनामागे तेवढी दुर्मीळता उरत नाही. म्हणून आज संवर्धित मोती मिलिमीटरमधील व्यास व दर्जा यांनुसार नगावर, सरावर किंवा वजनावर विकले जातात.

नैसर्गिक की संवर्धित?

१९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्टिए या पेढीने फिफ्थ अव्हेन्यूवरील एक प्रासादतुल्य इमारत घेतली. तिचा मोबदला म्हणून १०० डॉलर रोख आणि नैसर्गिक मोत्यांचा एक दोनपदरी हार देण्यात आला. हाराची किंमत त्या वेळी १० लाख डॉलर धरली होती. पुढे १९५७ मध्ये तोच हार लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला विकला गेला. मोती बदलले नव्हते, बाजार बदलला होता.

या बदलामागे जपानमधील कोकिची मिकिमोतो यांचे कार्य होते. १८९३ मध्ये त्यांनी अर्धगोल संवर्धित मोती मिळवले. जपानमधील इतर संशोधकांच्या प्रयत्नांतून गोल मोत्यांचे तंत्रही विकसित झाले आणि १९२०च्या दशकात ते मोती युरोपच्या बाजारात पोहोचले. बाहेरून दोहोंतील फरक ओळखता येईना, तेव्हा व्यापाऱ्यांत खळबळ उडाली. त्यातच १९२९ नंतर जागतिक मंदी आली. आखाती देशांतील मोतीव्यवसाय कोसळला आणि मुंबईच्या पेठेसही त्याचा जबर फटका बसला. बहारीनने मात्र संवर्धित मोत्यांच्या व्यापारास मज्जाव करून आपल्या नैसर्गिक मोत्यांची ओळख जपण्याचा मार्ग पत्करला.

नैसर्गिक मोत्यांना नंतर पुन्हा मोल आले, ते क्ष-किरण तपासणीमुळे. मोत्याच्या आत मणी आहे की केंद्रापासून बाहेरपर्यंत थरच आहेत, हे क्ष-किरण चित्रात दिसते. तपासणीची खात्री मिळाल्यावर दुर्मीळतेची किंमत देण्यास ग्राहक तयार झाले. बडोद्याच्या गायकवाड संस्थानाचा सातपदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. त्यातील मोत्यांपासून बनवलेला ६८ मोत्यांचा दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. खंडेराव महाराज गायकवाड यांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे मोत्याचे लोलक २०१८ मध्ये जिनिव्हात ३ कोटी ६० लाख डॉलरवर पोहोचले. अशा किमतीत मोत्याच्या दर्जाबरोबर त्याच्या इतिहासाचेही मोल सामावलेले असते, हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे.

महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांनाही हा भेद उपयोगी आहे. नथ, कुड्या, तन्मणी, चिंचपेटी हे आपल्याकडील पारंपरिक अलंकार मोत्यांचेच असतात. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नथींतील मोती संवर्धित किंवा कृत्रिम असतात. परंतु जुन्या घराण्यांतील दागिन्यांत बसरा मोती असण्याची शक्यता असते. दाताच्या कडेवर हलके घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि कृत्रिम मोती गुळगुळीत लागतो, ही परीक्षा प्रचलित आहे. भिंगातून छिद्राच्या तोंडाशी पाहिल्यास लेपाचा पापुद्रा किंवा मणी व थर यांमधील रेषा काही वेळा दिसते. परंतु नैसर्गिक आणि संवर्धित यांतील निर्णय या परीक्षांनी होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील क्ष-किरण तपासणीच लागते. मुंबईत ही सोय उपलब्ध आहे. जुना दागिना मोडीत देताना केवळ सोन्याचे वजन धरले जाते आणि मोती ‘जुने, पिवळट’ म्हणून बाजूला काढले जातात. तपासणीपूर्वी असा व्यवहार करणे नुकसानीचे ठरू शकते.

माहितीची विषमता

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस येथे जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० मधील निबंधाची आठवण होईल. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशी स्थिती असेल तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. परिणामी चांगली वस्तू विकणाऱ्यास ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे हलका मालच उरतो. माहितीच्या विषमतेवरील कार्यासाठी अकरलॉफ, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोत्यांच्या बाजारात ही विषमता दुहेरी आहे. दुकानात विक्रेत्यास माहिती अधिक असते, ग्राहकास कमी. तळ्याच्या काठावर स्थिती उलटी होते. तेथे विक्रेता, म्हणजे शेतकरी, अनभिज्ञ असतो आणि खरेदीदार जाणकार असतो. दोन्ही ठिकाणी लाभ होतो तो पारख असणाऱ्या मध्यस्थाचा.

हिऱ्यासाठी वजन, रंग, स्वच्छता व पैलू हे चार निकष जगभर रूढ झाले आहेत. सोन्यासाठी भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली आणि जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आली. मोत्यांसाठी सर्वमान्य अशी एकच प्रतवारी नाही. विक्रेते ‘ए’, ‘डबल ए’, ‘ट्रिपल ए’ अशी अक्षरे वापरतात. परंतु त्यांचा अर्थ प्रत्येक विक्रेत्यागणिक बदलतो. एका दुकानातील ‘ट्रिपल ए’ मोती दुसऱ्या दुकानात ‘ए’ ठरू शकतो. म्हणून या अक्षरांपेक्षा मोती नैसर्गिक की संवर्धित, समुद्रातील की गोड्या पाण्यातील, रंग दिलेला आहे काय, व्यास किती, या बाबी पावतीवर लिहून घेणे ग्राहकाच्या हिताचे असते.

पूर्वी मोत्यांचा सौदा कापडाखाली बोटांच्या खुणांनी होई. महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजारातही अशीच रुमालाखालची ‘हत्ता’ पद्धत होती आणि शेतकऱ्यास भाव कळावा म्हणून बाजार समित्यांच्या व्यवस्थेत तिच्याऐवजी उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. कापूस, कांदा वा द्राक्षाच्या बाबतीत स्वीकारलेले हे तत्त्व मोत्याच्या बाबतीत मात्र अद्याप पुरेसे रुजलेले नाही.

उत्पादकाचे गणित

भारतात संवर्धित मोत्यांचे तंत्र नवे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुतिकोरिन येथे समुद्रातील शिंपल्यांपासून संवर्धित मोती मिळवले. गोड्या पाण्यातील मोत्यांचे तंत्र भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे ‘सिफा’ने, विकसित केले असून ही संस्था त्याचे प्रशिक्षणही देते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मोती संवर्धनास साहाय्याची तरतूद करण्यात आली आणि २०२४ मध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे मोत्यांचा समूह विकसित करण्याचे जाहीर झाले.

गोड्या पाण्यातील शिंपल्यांपासून आपल्याकडे मुख्यतः साच्याचे मोती घेतले जातात. देवदेवतांच्या प्रतिमा किंवा नक्षी असलेला छोटा साचा शिंपल्याच्या आत बसवतात व साधारणतः १२ ते १८ महिन्यांत त्यावर मुक्तास्तर चढतो. या मोत्यांना चवेचे गणित लागू पडत नाही. येथे स्तर साच्यावर सर्वत्र सारखा चढला आहे काय, प्रतिमेच्या रेषा स्पष्ट आहेत काय, काठ पूर्ण आहेत काय आणि पाणी कसे आहे, हे पाहिले जाते.

या व्यवसायाची माहिती देताना अनेकदा एकच गुणाकार सांगितला जातो : शिंपल्यांची संख्या गुणिले मोत्याची किंमत. हा हिशेब फसवा आहे. समजा, एका शेतकऱ्याने १,००० शिंपल्यांत प्रत्येकी दोन साचे बसवले आणि चांगल्या मोत्याचा भाव २०० रुपये आहे. कागदावरील उत्पन्न ४ लाख रुपये होते. आता समजा, शस्त्रक्रियेनंतर ७० टक्के शिंपले जगले, म्हणजे १,४०० मोती मिळाले. त्यांतील निम्मे, म्हणजे ७०० विक्रीयोग्य निघाले. त्यांपैकी २०० उत्तम प्रतीचे २०० रुपयांना आणि ५०० मध्यम प्रतीचे ६० रुपयांना गेले. प्रत्यक्ष उत्पन्न ४०,००० अधिक ३०,००० म्हणजे ७०,००० रुपये होईल. कागदावरील आकड्याच्या ते एक पंचमांशाहूनही कमी आहे आणि यातून शिंपले, साचे, मजुरी व तळ्याचा खर्च अद्याप वजा व्हायचा आहे. हे आकडे कल्पित असले तरी गणिताची रीत वास्तव आहे.

याच उदाहरणात त्याच ७०० मोत्यांपैकी उत्तम प्रतीचे मोती २०० ऐवजी ३५० निघाले, तर उत्पन्न ९१,००० रुपये होईल. एकही शिंपला न वाढवता ३० टक्के वाढ! म्हणून या व्यवसायात शिंपल्यांच्या संख्येपेक्षा दर्जाकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. स्वच्छ उपकरणे, कुशल हाताने केलेली शस्त्रक्रिया, पाण्यातील कॅल्शियम व शेवाळाचे योग्य प्रमाण आणि पुरेसा कालावधी यांवर हा दर्जा अवलंबून असतो. कालावधीचा निर्णय विशेष नाजूक असतो. अधिक महिने थांबल्यास थर जाड होतो व भाव वाढतो. पण त्याच काळात काही शिंपले मरतात आणि गुंतवलेल्या भांडवलावरील व्याजही चढते. थांबण्याने मिळणारी भाववाढ जोवर या दोन तोट्यांहून अधिक आहे, तोवर थांबावे, असा सीमान्त विश्लेषणाचा सरळ नियम येथे लागू होतो. मात्र प्रतीनुसार भाव मिळणार नसेल, सर्व मोती एकाच ढिगात जाणार असतील, तर थांबण्याचे कारणच उरत नाही. मग पातळ थराचे मोती बाजारात येतात आणि सर्वच मोत्यांचा भाव उतरतो. अकरलॉफ यांचा सिद्धान्त तळ्याच्या काठावर खरा ठरतो तो असा.

‘शिंपले आमच्याकडून घ्या, मोती आम्हीच परत घेऊ’ अशी हमी देणाऱ्या योजनांतही हाच धोका असतो. परत घेण्याचा करार असला, तरी कोणता मोती उत्तम मानायचा हे करारात लिहिलेले नसेल, तर खरेदीदार माल नाकारण्यास मोकळा राहतो.

पुढील दिशा

जपानने १९५२ मध्ये मोती संवर्धनासाठी कायदा केला आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निर्यातीपूर्वी सरकारी तपासणी बंधनकारक ठेवली. जपानी मोत्यांना जगात जी पत मिळाली, तिच्या घडणीत या तपासणीचा वाटा होता. भारतातील उत्पादन अद्याप अल्प आहे आणि चीन हा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. त्यामुळे संख्येच्या स्पर्धेत उतरण्यापेक्षा दर्जाची खात्री देणे भारतीय उत्पादकास अधिक हितावह ठरेल.

यादृष्टीने तीन गोष्टी उपयुक्त ठरू शकतात. एक, साच्याच्या व गोल मोत्यांसाठी स्तराची जाडी, पाणी, आकार व पृष्ठभाग यांवर आधारित साधी प्रतवारी आणि प्रत्येक प्रतीचे नमुना-संच प्रशिक्षण केंद्रांत व उत्पादक गटांकडे असावेत. दोन, मोती संवर्धनाच्या प्रशिक्षणात शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व पारखीस द्यावे. तीन, उत्पादकांनी गटाने माल एकत्र करून, निवडून आणि प्रतवार विकावा; कारण जुळणीतून मिळणारे जादा मोल एकट्या उत्पादकाच्या आवाक्यात नसते, गटाच्या मात्र असते.

मोत्याची पारख शेवटी नजरेची असते आणि ती पूर्णतः यंत्राच्या स्वाधीन करता येणार नाही. तथापि चवेच्या पद्धतीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की, मोजता येईल तेवढे सर्वांसमक्ष मोजून घेतले, तर वादाचा पैस लहान होतो आणि दुर्बल पक्षाची बाजू सावरते. मानेसरच्या कारखान्यातून निघालेल्या सुट्या भागामागे मापाचा आधार असतो. त्याच जिल्ह्यातील तळ्यातून निघालेल्या मोत्यामागेही तसा आधार उभा राहिला, तर मोत्याच्या पाण्याचे मोल तो पिकवणाऱ्याच्या पदरात पडू शकेल.